बैलाच्या सुट्टीचा दिवस

विळी उघडताना खट्ट झालं. एवढासाच आवाज, पण मधली खोली ओलांडून तो बाहेरच्या गणपतीपर्यंत गेला असावा, कारण समईची ज्योत हललेली सुनीतीला दारातून दिसली.

ती क्षणभर श्वास धरून बसली. मामंजींची खाट करकरली नाही. नलिनीनंही कूस बदलली नाही. बालीगंजच्या या तिसऱ्या मजल्यावर ते उन्हाळ्यातच राहायला आले होते, आणि अजूनही पहाटे जाग आली की आपण कोणत्या घरात आहोत हे सुनीतीला आधी आठवावं लागे. मग खिडकीतला नारळ दिसे, त्याच्या झावळ्यांमधला भाद्रपदातला ओलसर उजेड दिसे, आणि घर हळूहळू जागेवर येऊन बसे.

तिनं लाल भोपळा विळीवर धरला.

"थांब."

सासूबाई दारात उभ्या होत्या. श्यामलाबाई. आघाड्याच्या काडीनं दात घासून, डोक्यावरून न्हाऊन, ओल्या केसांची गाठ मारून. आज ऋषिपंचमी. त्यांच्या व्रताचं यंदा उद्यापन होतं; दुपारी भटजी यायचे होते.

"कुठली ही भाजी?"

"गडियाहाटातली. काल यांनीच आणली ना."

"ते झालं. गडियाहाटात कशी आली?"

सुनीतीला उत्तर सुचण्याआधीच मागून आवाज आला. नलिनी उठून बसली होती, गालावर उशीची घडी उमटलेली.

"मला माहितीये! गाडीतून आली. दोन गोरू होते. एकाचं शिंग मोडलेलं. मी त्याला साल दिलं, त्यानं माझा हात चाटला."

"गोरू नाही गं, बैल," सुनीती म्हणाली.

"ऐकलंस?" सासूबाईंनी टोपलीकडे बोट केलं. "बैलांनी ओढून आणलेली भाजी मी आज खायची? तीही उद्यापनाला?"

आजच्या दिवशी बैलाच्या कष्टाचं काही पोटात जाऊ द्यायचं नाही, हे सुनीती माहेरी असल्यापासून पाहत आली होती. नांगरलेल्या शेतातलं धान्य नाही, घाण्याचं तेल नाही, गुऱ्हाळाचा गूळ नाही. गायीचं दूध, दही, तूप, तेही नाही. डोंगरउतारावर कुदळीनं लावलेली वरी आणि हातानं लावलेल्या भाज्या, चिंच-मीठ घालून शिजवलेल्या. पण गाडीचं? गाडीचं तिनं कधी ऐकलं नव्हतं. 

"मग आता, आई?"

"परसातली हवी."

तिसऱ्या मजल्यावरच्या त्या स्वयंपाकघरात दोघींनी एकदम खिडकीकडे पाहिलं. नारळ शांत उभा होता.

"आपल्याला परस राहिलं नाही," सासूबाई नारळाला सांगत असल्यासारख्या म्हणाल्या. "पण हावड्याला आहे म्हणतात. तळंही आहे."

सुनीतीच्या हातातला भोपळा तसाच राहिला. हावड्याला कोण राहतं ते या घरात कुणी बोलत नसे. श्यामलाबाईंची एकुलती एक लेक, कालिंदी. स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी तिनं आपल्याच शाळेतल्या एका बंगाली मास्तरांशी लग्न केलं, आणि मामंजी म्हणाले, या घराचा उंबरठा आता तिला नाही. सुनीती सून होऊन आली ती त्यानंतर. नणंदेला तिनं एकदाच पाहिलं होतं, एस्प्लनेडला, पोटात नलिनी असताना. कालिंदीनं काही न बोलता तिच्या पोटावर तळवा ठेवला होता आणि ट्राम आल्यावर काढून घेतला होता.

"यांना पाठवू का?" सुनीतीनं हळूच विचारलं.

"विनायक केव्हाच गेला. पहिल्या ट्रामनं."

आणि सासूबाई पूजेची तयारी करायला वळल्या. सुनीती विळीपाशी बसून राहिली. बैलांचं तर नलिनीनं आत्ता सांगितलं होतं. विनायक मात्र त्याआधीच निघाला होता.

*

श्यामलाबाईंनी पाटावर सात सुपाऱ्या मांडल्या. सात ऋषी. आठवी अरुंधतीची. 

श्यामराव खिडकीशी वर्तमानपत्र उघडून बसले होते. पोस्टाच्या हिशेबखात्यातून निवृत्त होऊनही सकाळी कोट घालायची त्यांची सवय सुटली नव्हती. त्यांनी कपात पाहिलं.

"दूध?"

"आज घरात आणलंच नाही. लिंबू पिळलंय."

"गायीला सुट्टी आहे, आजोबा," नलिनी म्हणाली. "बैलालापण. आजी म्हणाली."

"मज्जा आहे त्यांची." त्यांनी एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं. "विन्या कुठे आहे?"

"भाजीला गेलाय."

"काल आणली ना?"

"ती बैलगाडीतून आली होती."

वर्तमानपत्र खाली आलं. श्यामलाबाई सुपाऱ्यांवरून नजर न काढता हळद वाहत राहिल्या.

"म्हणजे भवानीपूरला असताना काय, भाजी विमानानं यायची?"

"तिथे परस होतं."

"परसात काय पिकायचं? आळूची चार पानं आणि एक पडवळ. तेही माकडानं नेलं नाही तर. बाकी सगळं जगूबाबूंच्या बाजारातूनच यायचं."

"तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं."

"आता कुणी सांगितलं?"

"नलिनीनं."

दरवर्षी व्रताची कथा श्यामरावच वाचून दाखवत. तिच्यात काय आहे आणि काय नाही, हे त्यांना पाठ होतं. त्यांनी आता नुसतं म्हटलं असतं, "अगं, कथेत गाडी नाही," तर सगळं तिथंच संपलं असतं. काल रात्रीपासून श्यामलाबाई त्याच वाक्याची वाट पाहत होत्या. त्यावर काय बोलायचं तेही त्यांनी ठरवलं नव्हतं. ठरवण्यासारखं काही नव्हतंच.

वर्तमानपत्र पुन्हा वर गेलं.

श्यामलाबाईंनी अरुंधतीला अक्षता वाहिल्या. पलीकडे पान उलटल्याचा आवाज येईल म्हणून कान देऊन बसल्या. कितीतरी वेळ तो आला नाही.

*

जिन्याच्या दुसऱ्या वळणावर कालिंदी थांबली. डोक्यावरची टोपली तिनं कठड्यावर टेकवली. खांद्यावरून शापल्याचे, म्हणजे गुलाबी कुमुदाचे, लांब देठ लोंबत होते, तळ्यातून पहाटे काढलेले, अजून गार. त्यांची फुलं उजेडाला मिटत चालली होती.

"दादा, तू ने वर. मी इथूनच जाते."

"एवढी बोटीतून, ट्राममधून आलीस, आणि आता अठरा पायऱ्यांसाठी?" विनायकचा सदरा घामानं पाठीला चिकटला होता. "ट्रामला बैल नसतात, मी वाकून पाहिलंय."

ती हसली नाही. "अण्णा काय म्हणाले होते ते तूही ऐकलं होतंस."

"ते भवानीपूरच्या उंबरठ्याबद्दल. हा बालीगंजचा आहे."

"वकिली नको करूस."

खाली, दरवाजाच्या पायरीवर, तिचा नवरा सुकोमल बसला होता. लाल भोपळा त्यानं खांद्यावरून आणला होता आणि विनायकच्या हवाली करून तिथंच टेकला होता. "आमी एखाने भालो आछि," एवढंच म्हणाला. मी इथेच बरा आहे. कुणी त्याला वर ये म्हटलं नव्हतं, आणि कुणी म्हणावं अशी अपेक्षा त्याच्या चेहऱ्यावरही नव्हती.

वर दार उघडलं.

आई म्हातारी झाली होती. कालिंदीला वाटलं होतं, तसेच काळे केस असतील. तिनं पाऊल पुढं टाकलं, तशी आई मागं सरली.

"मी सोवळ्यात आहे," आई म्हणाली. डोळे मात्र टोपलीवर नव्हते. मग आवाज चढवून, आतल्या खोलीला ऐकू जाईल असा: "कुणी लावली ही भाजी?"

"मी."

"नांगर?"

"आई, परस केवढंसं. खुरप्यानं लावली."

"आणली कशी?"

"घाटापर्यंत डोक्यावरून. मग बोट. मग ट्राम."

"हं." आईनं पदर सावरला. "ज्या हातानं लावली त्याच हातानं चिरायची असते."

असलं काही कालिंदीनं जन्मात ऐकलं नव्हतं. आत वर्तमानपत्र सळसळलं. ती थांबली, दादाही थांबला. पण आतून शब्द आला नाही.

"मग? दारात उभी राहून चिरणार आहेस?" आई म्हणाली.

*

सुनीतीनं विळी तिच्याकडे सरकवली आणि स्वतः कोयती घेतली. दोघी समोरासमोर बसल्या. मध्ये आळू, सुरण, भेंडी, दोडका, कणसं आणि शापल्याचा हिरवागार ढीग.

"वन्सं, सुरण मी करते. हात खाजतील तुमचे."

"हावड्याला आल्यापासून खाजणं विसरले आहे मी. इथे याला ओल म्हणतात, आणि माझ्या सासूबाई तो नुसता मोहरी लावून खातात." कालिंदीची नजर चुलीजवळच्या पितळी पातेल्यावर गेली. "हे आहे अजून? हा पोचा माझा. शाळेतून आले की ढोल म्हणून बडवायची."

"दर दिवाळीला मी ते कल्हईला देते. आई म्हणतात, पोचा काढू नको म्हणून सांग."

कालिंदी खाली मान घालून कणसाचे तुकडे करत राहिली.

नलिनी एवढा वेळ शापल्याचे देठ सोलत होती. सोललेल्या दोऱ्याला फूल लोंबत ठेवून तिनं ते गळ्यात घातलं.

"तू कोण?"

"मी तुझी आत्या."

"मला आत्या असते?"

सुनीतीची कोयती थांबली.

"असते ना," कालिंदी म्हणाली.

"कुठे असते?"

"गंगेच्या पलीकडे. तिथे एक तळं आहे. पहाटे ही फुलं उघडी असतात, ऊन आलं की झोपतात."

"तुमच्या तळ्यात बैल येतो?"

"तळ्यात कसा येईल? बुडेल की."

नलिनीला ते फार आवडलं. ती ते गुणगुणत बसली, बैल बुडेल, बैल बुडेल.

भाजी चुलीवर चढली. आज फोडणी नव्हती, म्हणून तो चुर्र आवाजही नव्हता. चिंचेच्या कोळात कणसं, आळू, भोपळा आपापल्या सवडीनं मऊ होत होते. खवलेल्या नारळाचा वास, ओल्या मिरचीचा, आणि मागून कुठून तरी तळ्याच्या पाण्याचा. घरात एरवी स्वयंपाक म्हणजे गडबड. आज सगळ्यांनी दबक्या पावलानं चालावं, असं काहीतरी त्या पातेल्यात शिजत होतं. सासूबाई दारात येऊन उभ्या राहात, पातेल्यात डोकावत, लेकीच्या मानेकडे पाहात, आणि सोवळं सांभाळत परत जात. असं किती वेळा झालं ते सुनीतीनं मोजलं नाही.

तिनं एक वाटी भरली. "नलिनी, खाली पायरीवर काका बसलेत. सांडू नकोस."

"काका नाही," कालिंदी म्हणाली. "आत्याचे ते."

*

केळीच्या पानासमोर श्यामराव बसले. त्यांचं काही व्रत नव्हतं, पण ऋषीची भाजी त्यांना आवडे. लहानपणी साताऱ्याला याच दिवशी ते आईच्या पानातली खात.

मान वर न करण्याचं त्यांनी ठरवलं होतं. पान, पानावरचं मीठ, पाण्याचा तांब्या. एवढंच पाहायचं.

वरी आली. मग भाजी घेऊन एक हात आला. त्या हातात काचेचा चुडा नव्हता. पांढरी शंखाची बांगडी, लाल पोवळी बांगडी, आणि मनगटाजवळ तोच जुना भाजल्याचा डाग. पहिल्यांदा पोळी करायला गेली तेव्हाचा. तव्याला हात लागला, ती रडली नव्हती, आणि त्यांनीच भाजल्याचं म्हणून चुकून दुसरंच मलम लावलं होतं.

हात पानावर येऊन थबकला. पळीतून रस टपटपला.

"वाढ," ते पानाला म्हणाले.

भाजी पडली. त्यांनी घास घेतला. जिभेवर काहीतरी आलं, मऊ, पोकळ, पाण्याच्या चवीचं.

"हे काय आहे?"

श्यामलाबाईंनी विनायककडे पाहिलं, विनायकनं सुनीतीकडे.

"शापला," नलिनी म्हणाली. "तळ्यात असतो. तिथे बैल बुडतो."

विनायकला ठसका लागला. श्यामरावांनी ओठ घट्ट मिटून घेतले; हसू असं येऊ द्यायचं नसतं, निदान आज तरी. "म्हणजे यात शंकेला जागाच नाही," ते म्हणाले, आणि पान किंचित पुढं सरकवलं. "आणखी थोडी."

हात धुऊन ते गॅलरीत गेले. खाली पायरीवर एक माणूस बसला होता. धोतर, चष्मा, टाचेशी झिजलेल्या चपला. मांडीवर त्यांच्या घरची वाटी. नलिनी शेजारी उकिडवी बसून त्याला काही सांगत होती आणि तो खाणं थांबवून ऐकत होता. मग त्यानं शेवटचा रस पिऊन टाकला, रस्त्यावरच्या नळावर वाटी घासली, धोतराच्या सोग्यानं कोरडी केली, उजेडात धरून पाहिली आणि नलिनीच्या हातात दिली. वर एकदाही पाहिलं नाही.

श्यामराव मागं सरले. तो पाहील म्हणून नव्हे. तो पाहत नव्हता म्हणून.

*

उतरत्या दुपारी सासूबाई गादीवर टेकल्या होत्या. कालिंदी स्वयंपाकघरात पातेलं घासत होती, गरजेपेक्षा जास्त वेळ. उद्यापन झालं की निघायचं, हे कुणी न सांगता ठरलेलं होतं. व्रत संपलं की व्रताची भाजीही संपली, आणि भाजीबरोबर तिचं येणंही. सुनीतीला ते सकाळपासून माहीत होतं. सासूबाईंनाही असणारच, म्हणूनच त्यांनी हा एक दिवस असा दोन्ही हातांनी खेचून आणला होता.

मामंजी बाहेरच्या खोलीतून म्हणाले, "विन्या, भटजींना सांगून ये. आज येऊ नका म्हणावं."

सासूबाई उठून बसल्या. "का?"

"उद्यापन नको आज."

"अहो, सगळी तयारी झाली आहे. वाणं भरून ठेवली आहेत."

"असू देत." त्यांनी घसा खाकरला. कार्यालयात एखाद्या कागदावर शेरा मारताना खाकरत असतील तसा. "बैलगाडीचं तुला आज कळलं. बरोबर?"

"...हो."

"म्हणजे मागची सगळी वर्षं चुकीची भाजी खाल्ली. व्रत धड एकदाच झालं, ते यंदा. एका वर्षाच्या व्रताचं उद्यापन कोण करतं? पुन्हा पहिल्यापासून धर."

स्वयंपाकघरातला राखेचा खसखस आवाज थांबला.

सासूबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. ती दोघं अशी एकमेकांकडे बघताना सुनीतीनं कधी पाहिली नव्हती. दोघांनाही एकमेकांची लबाडी पुरती कळली होती आणि दोघांनाही ती मोडायची नव्हती.

"आणि पुढच्या वर्षी भाजी?" सासूबाईंचा आवाज अगदी बारीक झाला. "ती कुठून आणायची?"

"यंदा आली तिथूनच. आता मध्येच बदलून कसं चालेल?"

ते खिडकीकडे वळले. कालिंदी दारात येऊन उभी होती, कोपरापर्यंत राखेचे हात. तिनं तिथूनच जमिनीला डोकं टेकवलं. त्यांनी पाहिलं नाही. पण खिडकीच्या काचेत दार दिसत होतं, हे सुनीतीला ठाऊक होतं.

"संध्याकाळी बोटींना गर्दी होते," ते काचेला म्हणाले. "उजेडी निघायला सांग." मग थोड्या वेळानं: "आणि ती वाटी. खालून आलेली. रिकामी ठेवू नका. भरून द्या बरोबर."

निघताना सासूबाईंनी सोवळं मोडलं. दोन्ही हातांनी लेकीचा राख उडालेला चेहरा धरला, तीच राख हातांना लागली, आणि त्या हातांकडे पाहात कितीतरी वेळ दारातच बसून राहिल्या.

*

सुनीती नलिनीला कडेवर घेऊन गॅलरीत उभी राहिली. आकाश शापल्याच्या रंगाचं झालं होतं. खाली ती दोघं ट्रामच्या दिशेनं चालली होती. टोपली आता रिकामी, त्याच्या हातात, आणि भरलेली वाटी पदराखाली झाकून तिच्या. वळणापाशी कालिंदी थांबली. वर पाहिलं. सुनीतीनं हात हलवला, नलिनीनंही हलवला, आणि मागे खिडकीतून कुणीतरी खोकलं.

मग वळण रिकामं झालं. नलिनीच्या गळ्यातलं फूल मिटून, मलूल होऊन सुनीतीच्या खांद्यावर पडलं होतं. मुलीचं डोकं जड झालं. सुनीतीला वाटलं, झोपली. तिनं गाल त्या केसांवर टेकवला. त्यांना नारळाचा आणि तळ्याचा वास येत होता. ही मोठी होईल. हिचंही कुणावर मन जडेल. कुठल्या तरी दारातून ही बाहेर जाईल, आणि तेव्हा आत कोण बसलेलं असेल?

"आई."

"हं."

"उद्या भात करणार?"

"करणार."

"आणि दूध?"

"दूध पण."

"म्हणजे उद्या बैल कामाला जाणार."

"जाणार बाळ. झोप आता."

नलिनीनं डोकं उचललं आणि आईची हनुवटी धरून तिचा चेहरा आपल्याकडे वळवला.

"मग आत्या भाताच्या दिवशी का नाही येत?"